डोक्यामागचा गॉगल

सुरजनं नागपूरहून आईसाठी गॉगल आणला आणि बुधरीनं तो डोक्याच्या मागच्या बाजूला लावला. यात बुधरीचा दोष थोडा आणि पहाटेचा जास्त, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावातल्या बायका अजून तिला हसतात, आणि हसून झालं की आपल्यालाही तसाच मिळतो का म्हणून धानोऱ्याच्या बाजारात चौकशी करतात.

गॉगल साधासुधा नव्हता. सुरज नागपुरात एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. कोण्या गिऱ्हाइकानं काचा बदलायला टाकलेला हा गॉगल परत न्यायला तो माणूस आलाच नाही. वर्ष उलटलं, फोन लागेना, तेव्हा मालकानं तो सुरजला देऊन टाकला. परदेशातल्या नावाजलेल्या कंपनीचा माल, बारीक सोनेरी तारेची फ्रेम, खाली निमुळत्या होत गेलेल्या मोठ्या काचा. आजोबांच्या जमान्यात निघालेली ही फॅशन अजून गेली नाही, असं सुरज मोठ्या अभिमानानं सांगे, जणू ती त्यानंच टिकवून धरली होती. त्यानं त्यात आईच्या नंबरच्या काचा बसवल्या, आणि मोहफुलाच्या दिवसांतलं ऊन आठवून त्या काळ्या केल्या. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं.

आईचा नंबर त्याला मागच्या वर्षीच्या शिबिरातून मिळाला होता. शिबिरातल्या डॉक्टरनं बुधरीचे डोळे तपासले आणि सांगितलं की मोतीबिंदू नाही, नंबर आहे, आणि चांगलाच मोठा आहे. इतके दिवस तुम्ही पाहत काय होत्या, असंही त्यानं विचारलं. बुधरी म्हणाली, ‘‘दिसते ते.’’ शिबिरानं तिला फुकट चष्मा दिला. तो तिनं जपून कमरेला खोचला आणि घरी येऊन तांदूळ पाखडायला बसली. उठली तेव्हा एका चष्म्याचे दोन झाले होते आणि दोन्ही कामाचे नव्हते.

तशी बुधरीला डोळ्यांची फारशी गरज पडत नसे. घर पाठ होतं, वाट पाठ होती, माणसं आवाजावरून कळत. अडायचं ते फक्त मोहफुलापाशी. त्या गावात जंगलातलं मोहाचं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं. त्यावर पाटी नसते आणि कुंपणही नसतं, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. बुधरी लग्न होऊन आली त्या पहिल्याच हंगामात सासऱ्यानं तिला नाल्यापलीकडं नेलं, एका मोहाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हे तुझं. माहेराहून आलेल्या पोरीला या गावात आपलं म्हणावं असं पहिलं काही मिळालं ते हे झाड. नवरा नंतर आवडायला लागला.

मोहाचं फूल पहाटे गळतं आणि वाळक्या पाल्यात पडतं. चांगले डोळे असले तरी ते शोधावं लागतं. बुधरीला तर पाला आणि फूल एकच दिसे, म्हणून ती बोटांनी चाचपून वेची. त्यावर तिच्याकडं जुना उपाय होता, सगळ्यांकडंच होता. हंगामाच्या तोंडाशी झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा. जमीन काळी होते, त्यावर पांढरट फूल आंधळ्यालाही सापडतं. मागच्या वर्षी तिनं तसाच पाला पेटवला आणि वारा फिरला. आग झाडाच्या बुडातल्या ढोलीत शिरली, तिथून पुढच्या पाल्यात गेली, आणि सारं गाव हिरव्या फांद्या घेऊन ती झोडपत जंगलात पळालं. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा बसली. ठराव झाला की यापुढं ज्याच्या झाडाखाली जाळ दिसेल त्याचं जंगलात वेचायला जाणं बंद, कायमचं. ठरावात बुधरीचं नाव नव्हतं, पण तो वाचून होईपर्यंत कोणी तिच्याकडं पाहिलं नाही, यावरून तिला काय ते कळलं. लाजेनं ती वर्षभर नाल्यापलीकडं फिरकली नाही.

‘‘झाडाले काई झालं तं नाई ना?’’ असं तिनं सुनेला तेव्हाच विचारलं होतं.

‘‘बुडाशी काळं झालं थोडं,’’ रीना म्हणाली होती. ‘‘झाड हाय तसंच हाय, आत्या.’’

रीना बुधरीच्या भावाची मुलगी. त्यामुळे सासूला आत्या म्हणायला तिला नवीन काही शिकावं लागलं नाही, आणि सासूला धाक वाटावा अशी जीभही ती माहेरूनच घेऊन आली होती. तिचा नवरा सुरज नागपुरात, या दोघी इथं, आणि घर रीनाच्या बोलण्यावर चाले.

तर यंदाचा हंगाम सुरू झाला आणि सुरज दोन दिवसांची सुट्टी काढून गॉगल घेऊन आला. पहाटे त्यानं तो स्वतःच्या हातानं आईच्या नाकावर ठेवला. बुधरी टोपली घेऊन निघाली, नाल्यापर्यंत गेली आणि परत आली.

‘‘काऊन, काय झालं?’’ सुरजनं विचारलं.

‘‘रात हाय अजून,’’ बुधरी म्हणाली.

‘‘माय, ऊन निघाल्यावर लावाचा असते तो. काळी काच हाय.’’

‘‘ऊन निघाल्यावर फूल कोन ठेवते माह्यासाठी? गायी खातात, हरनं खातात. पहाटे दिसन असा आणाचा होता.’’

सुरजनं समजावून पाहिलं. ओरिजिनल आहे म्हणाला, अशी वस्तू शोधून सापडत नाही म्हणाला. बुधरीनं मान डोलावली आणि गॉगल फळीवर ठेवला. सुरज दुसऱ्या दिवशी हिरमुसून नागपूरच्या गाडीत बसला. एवढ्या मायेनं घडवलेली वस्तू आईनं एका फेरीत निकालात काढावी, याचं त्याला वाईट वाटलं, आणि ते वाटणं साहजिक होतं.

गॉगल फळीवर राहिला असता, पण त्याच आठवड्यात मुखवट्याची कटकट सुरू झाली. वाघ मागून येतो आणि माणसाची नजर आपल्यावर आहे असं दिसलं की बिचकतो, म्हणून वन खात्यानं वेचणाऱ्या बायकांना डोक्यामागं लावायचे प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते. बुधरीच्या वाट्याला मिशीवाला आला होता. त्यानं मानेला घाम येई, कातडी खाजे, आणि नाक उंदरानं कुरतडल्यापासून तो माणसाचाही वाटत नव्हता. बुधरीनं विचार केला. वाघाला दाखवायचे ते डोळे. नाक-मिशीशी त्याला काय करायचं? तिनं फळीवरचा गॉगल काढला, अंबाड्याच्या वर उलटा बसवला, काड्यांना दोरा बांधून तो कपाळावर घट्ट केला आणि निघाली.

‘‘आत्या, वाघ शहरातला असन तं भ्याचा नाई,’’ तिच्या आधी बाहेर पडलेली रीना वळून म्हणाली.

‘‘ओरिजिनल हाय,’’ बुधरी म्हणाली.

त्या दिवसापासून पहाटेची रांग मोठी पाहण्यासारखी झाली. बाकीच्या बायकांच्या मागं प्लास्टिकची तोंडं, आणि बुधरीच्या मागं दोन भल्यामोठ्या काळ्या काचा आणि सोनेरी तार. वाघानं काय मत दिलं कळलं नाही, पण तो आला नाही, आणि बुधरीच्या हिशोबी तेवढं पुरेसं होतं.

वनरक्षक मात्र आला. पियुष नावाचा नवा पोरगा, भद्रावतीच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला, नोकरी लागून दोन-चार महिने झालेले. बुधरी झाडाखाली उकिडवी बसून चाचपत होती. त्याला लांबून गॉगल आपल्याकडं रोखलेला दिसला. एवढी ऐटबाज बाई इथं कोण, म्हणून तो जरा सावरून उभा राहिला.

‘‘नमस्कार बाई. तुम्ही बाहेरून आल्या का?’’

बुधरीनं उत्तर दिलं नाही. ती फूल शोधत होती, आणि तिच्या पाठीशी बोलणाऱ्यांना उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. पियुषला वाटलं, कोण्या संस्थेच्या असतील. त्यानं मग आदरानं सगळी माहिती दिली. जंगलाला आग कशी लागते, मोहाखाली पाला का जाळू नये, या गावानं कसा चांगला ठराव केला आहे, आणि मागच्या वर्षी एका म्हातारीनं किती नुकसान केलं. नुकसान सांगताना त्यानं हात पसरून दाखवले. गॉगल शांतपणे ऐकत होता.

‘‘ते म्हातारी मीच,’’ गॉगलच्या पलीकडून आवाज आला.

पियुष वळसा घालून पुढं आला. पुढं सुरकुतलेला चेहरा होता आणि तो त्याच्याकडं अंदाजानं पाहत होता. मग मुखवटा का लावला नाही हे विचारायचं तो विसरला, आणि जपून राहा एवढंच बोलून गेला. जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं, आणि दोन्ही वेळा गॉगल त्याच्याकडंच पाहत होता.

हसण्यासारखं इथं संपलं. कारण त्या सगळ्या दिवसांत बुधरीच्या टोपलीचा तळ झाकला जात नव्हता. घरातलं दुसरं झाड रीनाच्या वाट्याला आलेलं, ते पलीकडंच होतं, हाकेच्या अंतरावर. रीना पहाटे सगळ्यांच्या आधी, ‘‘मी पुढं होतो, आत्या, गायी हाकलाच्या हायेत,’’ म्हणून निघून जाई, आणि ऊन यायच्या आत तिची टोपली भरे. बुधरीच्या बोटांना मूठ-मूठभर फूल लागे, तेही कुठं कुठं, आणि घरी आल्यावर त्यातूनही लेंड्या निघत. अंगणात फूल वाळत घालताना रीना एकेक लेंडी वेचून बाजूला टाकी.

‘‘आज बकरीचं बी वेचून आणलं का, आत्या?’’

शेजारच्या बायका हसत. बुधरीही हसे, पण ते हसणं तिला रात्री गिळावं लागे. तिला स्पष्ट दिसत होतं, आणि अलीकडं एवढंच तिला स्पष्ट दिसायचं, की आता आपले हात संपले. पुढच्या वर्षी रीना म्हणेल, आत्या, तुमी घरीच बसा. प्रेमानंच म्हणेल. आणि मग ती दारात बसून पहाटे जाणाऱ्या बायकांचे पाय ऐकेल. झाड मात्र दर पहाटे तिच्यासाठी फूल टाकत राहील आणि ते गायी खातील. फूल आहे, झाड आहे, दोष डोळ्यांचा आहे, असं तिनं धरलं होतं. एक गोष्ट मात्र तिला खटकली होती. पूर्वी वेचताना पाठीवर, डोक्यावर एखादं फूल टपकायचं. यंदा एकही पडलं नव्हतं. पण म्हातारपणी पाठीला कळत नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

शेवटी एके दिवशी तिनं ठरवलं. जाळायचं. सगळं नाही, बुंध्याभोवतीचं एवढंसं. बायका घरी गेल्यावर, वारा पडलेला पाहून. कोणाला दिसलं नाही तर हंगाम हाती लागेल, आणि दिसलं तर तसंही घरीच बसायचं आहे. माणूस हट्टाला पेटला की त्याला दोन्ही बाजूंनी आपलंच बरोबर दिसतं. रीनाला तिनं पुढं पाठवलं, पाय दुखतात, सावकाश येते म्हणाली. ऊन चांगलं वर आलं होतं. बायकांचे आवाज नाल्यापलीकडं गेले. बुधरीनं हातानं पाल्याची एक रास केली आणि पदराच्या गाठीतून काडेपेटी काढली.

काडी ओढायला ती वाकली आणि कपाळावरचा दोरा तुटला. गॉगल मागं कुठंतरी पाल्यात पडला. तिनं काडेपेटी खाली ठेवली, चाचपून गॉगल शोधला, आणि आता तो ठेवायचा कुठं हा प्रश्न आला. खाली ठेवला तर आगीत जाईल. कमरेला खोचलेल्या चष्म्याचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. हात दोन्ही लागणार. सुरजनं दाखवली होती ती एकच जागा उरली, म्हणून तिनं तो डोळ्यांवर ठेवला.

काळ्या काचेतून ऊन मऊ झालं आणि त्या मऊ उजेडात सगळं आपापल्या जागी येऊन उभं राहिलं. पाला पाल्यासारखा दिसायला लागला, एकेक पान वेगळं, पानावरची शीर वेगळी. आपल्या हातावरचा डाग तिनं ओळखला, तो तिच्या आईच्या हातावरही होता. मग तिनं फुलं पाहिली. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. पोराचं डोकं आहे खरं, असं तिला वाटलं, आणि त्याला हिरमुसलेला पाठवल्याची लाज वाटली. आता जाळायचं काही कारण उरलं नव्हतं. तिनं काडेपेटी परत गाठीत बांधली आणि सुटलेली फुलं वेचायला लागली.

वेचता वेचता तिचा हात थांबला. आयुष्यभर जिनं मोहफूल वेचलं, तिला फूल झाडावरून कसं पडतं हे कळतं. ते सगळीकडं विखरून पडतं, एक इथं, एक तिथं, बुंध्यापाशी कमी, फांद्यांच्या टोकाखाली जास्त. ही फुलं तशी नव्हती. मूठ उघडावी तशी ढिगाढिगानं होती, आणि बुंध्याजवळच जास्त होती, एखाद्या बाईचा हात पोहोचेल तेवढ्यात. मधेमधे लेंड्या होत्या. आणि बुधरीच्या झाडाखाली बकऱ्या कधीच येत नसत. त्यांची वाट रीनाच्या झाडाखालून जात होती.

तिनं वर पाहिलं.

मोहाला फूल येतं तेव्हा पान नसतं, त्यामुळे अधू डोळ्याला जिवंत मोह आणि मेलेला मोह सारखाच दिसतो. नंबरच्या काचेतून तसा दिसत नाही. फांद्यांच्या टोकांना एकही झुबका नव्हता. साल सुटून लोंबत होती. वर सुतार पक्ष्यानं भोकं पाडली होती, आणि खाली ढोलीचं तोंड काळं होऊन वासलं होतं, आतून सगळं जळून पोकळ. बुधरीनं बुंध्यावर हात ठेवला, सासऱ्यानं ठेवला होता तिथंच. सालीचा एक तुकडा तिच्या हातात आला. ती खाली बसली आणि रडली. मी मारलं याला, एवढंच ती म्हणत होती, आणि ते ऐकायला तिथं कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. म्हणजे रीना पहाटे गायी हाकलायला येत नव्हती. स्वतःच्या झाडाखालचं फूल अंधारात ओंजळीनं आणून इथं टाकत होती, रोज, आणि रोज घरी जाऊन त्याच फुलांवरून सासूची थट्टा करत होती. झाड मेलं हे साऱ्या गावाला दिसत असणार. रोज या वाटेनं इतक्या बायका जातात. ज्या गावात कोणाच्या घरी काय शिजलं हे लपत नाही, त्या गावानं वर्षभर एक झाड लपवलं. आधी तिला भयंकर राग आला. मग तो कोणावर काढावा हे तिला ठरवता येईना, आणि राग ओसरला. राहिलं ते इतकं जड होतं की उठताना तिला बुंध्याला धरावं लागलं.

तिनं टोपलीत होती तेवढी फुलं घेतली. दोऱ्याला गाठ मारली आणि गॉगल पुन्हा डोक्यामागं बसवला. वाट पुसट झाली, झाड पुन्हा पूर्वीसारखं दिसायला लागलं.

अंगणात रीनानं फुलं पसरली आणि नेहमीसारखी लेंड्या काढायला बसली.

‘‘आज तं चांगल्या मोठ्या मोठ्या वेचल्या, आत्या.’’

बुधरी दारात पाय पसरून बसली होती. ‘‘टाकणारीनं पाहून टाकावं,’’ ती म्हणाली.

रीनाचा हात फुलांवरच राहिला. तिनं मान वर केली नाही. मग रीनानं पदरानं नाक पुसलं आणि लेंड्या मुठीत घेऊन परसात फेकून आली.

संध्याकाळी सुरजचा फोन आला. गॉगल वापरते का, म्हणून त्यानं भीत भीत विचारलं.

‘‘वापरतो ना. एक बार पाह्यलं त्याच्यातून,’’ बुधरी म्हणाली. ‘‘चांगला बनवला तू. सगळं दिसते.’’

‘‘मंग रोज डोळ्यावर लावत जाय ना, माय.’’

‘‘रोज कायले? रोज वाघासाठी लागते.’’

दुसऱ्या पहाटे दोघी निघाल्या. या वेळी रीना पुढं गेली नाही, गायींचं नावही काढलं नाही. बुधरी पुढं आणि ती मागं, आणि सारी वाट त्या दोन काळ्या काचा तिच्याकडं पाहत होत्या. नाल्यापाशी आल्यावर बुधरी थांबली.

‘‘तू हो पुढं,’’ ती म्हणाली. ‘‘मी तोंड धुतो.’’

तिनं तोंड धुतलं. मग हात धुतले, पाय धुतले, पदर ओला करून मान पुसली. धुण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ती पुन्हा तोंड धुवायला बसली. पलीकडं पाल्यावर रीनाची पावलं इकडून तिकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. ती थांबली तेव्हा बुधरी उठली आणि आपल्या झाडाखाली जाऊन वेचायला बसली. त्या दिवशी तिच्या टोपलीत एकही लेंडी निघाली नाही.